पायातून छातीत गेलेली शीर

मी कानिफनाथच्या डाव्या पायातली शीर बोलतेय. नऊ वर्षांपासून मात्र माझं बिऱ्हाड त्याच्या छातीत आहे.

कानिफनाथ शेवगावकडचा ऊसतोड्या. मोळी डोक्यावर घेऊन तो फळीवरून ट्रकवर चढे, तेव्हा पायातलं रक्त वर लोटायचं काम माझं. संथ काम, मला झेपणारं.

मग त्याच्या हृदयाच्या दोन वाहिन्या तुंबल्या. नगरच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, भागूबाईला, समजावलं, "एका जागी छातीतली धमनी जोडू. ती फार टिकते. दुसरीकडे पायातली शीर. ती बऱ्याच जणांत दहा वर्षांत बंद पडते."

"मंग दोनीकडं छातीतलीच लावा की, सायेब."

"काहींना लावतो. पण यांना साखर आहे. छातीतल्या दोन्ही धमन्या घेतल्या तर कापलेलं छातीचं हाड जुळायला त्रास होतो."

ते ऐकून मी मनातून खट्टू झाले. धमनीचं नुसतं टोक वळवलं. मला दोन्हीकडून कापून हृदयावर शिवलं. पहिला ठोका बसला तशी मी हादरले. एवढा जोर जन्मात सोसला नव्हता. तरी उघडी राहिले.

दोन वर्षांनी कानिफनाथने मला उघडी ठेवणाऱ्या गोळ्या सोडल्या. "घरचंच बियानं हाय," तो म्हणाला. "आपल्याच पायाची शीर. तिला औशीद कशाला?"

"घरच्या बियान्याला फवारनी लागत न्हाई व्हय?" भागूबाईने टोमणा मारला. त्याने हसण्यावारी नेलं.

त्याचा माझ्यावर एवढा विश्वास, आणि मी आतून जाड होत चालले होते. शेजारची धमनी अजून पहिल्या दिवसासारखी वाहते. ती कधी बोलून दाखवत नाही, त्याचंच जास्त लागतं.

ऊसतोड सुटल्यापासून तो शेळ्या राखतो. गेल्या महिन्यापासून त्यांच्यामागे चढ चढला की त्याच्या छातीत कळ येते. मला रक्त पुरवता येत नाही, म्हणून येते. तो सोडा पितो आणि ढेकर देतो.

आज सकाळी तो बांधावर छाती धरून बसला.

"अवं, काय झालं?" भागूबाईने विचारलं.

"काय न्हाई. पित्त."

"पित्तानं असा घाम फुटतो व्हय?"

त्याने बाहीने घाम पुसला. मग म्हणाला, "म्हैना झाला, भागे. छाती भरून येती. तुला सांगायची लाज वाटली. गोळ्या म्याच सोडल्या ना."

तिने लगेच गावातल्या सूर्यभानची जीप बोलावली.

आता जीप करंजीच्या घाटात आहे. त्याचं डोकं भागूबाईच्या खांद्यावर. "माझीच चूक," तो पुटपुटतोय.

बाबा, तुझी एकट्याची नाही. मीही कमी पडले. डॉक्टर माझ्यात जाळी बसवोत, नाहीतर मला सोडून दुसरी वाट काढोत, माझं काही म्हणणं नाही. फक्त नगर येईपर्यंत, देवा, मला उघडं राहू दे.