नाममुद्रेचा रकाना

कामरगावचे गजेंद्र हे भजनगायक. घरची भाजीपाल्याची बागायत धाकट्या भावाने सांभाळली; गजेंद्रांच्या वाट्याला गळा आला, आणि तीस वर्षे त्या गळ्यावरच त्यांचा संसार चालला. पुढे हरिनाम सप्ताहांमध्ये भोंग्याला मोबाइल जोडण्याची रीत पडली आणि गायकांची निमंत्रणे विरळ झाली. त्या पडत्या काळात त्यांची कन्या रुचिका हिने वडिलांच्या बारा रचना ध्वनिमुद्रित करून, त्यांच्याच नावे खाते उघडून, एका संगीतसंस्थेमार्फत इंटरनेटवर ठेवल्या. कुठले कुठले अनोळखी लोक त्या ऐकू लागले आणि दरमहा मानधन येऊ लागले. ते थोडे असले तरी घर त्यावरच उभे होते.

प्रत्येक रचनेच्या अखेरच्या चरणात ‘शालिग्राम म्हणे’ अशी नाममुद्रा होती. धनजचे शालिग्रामबुवा हे गजेंद्रांचे गुरू. सहा वर्षांपूर्वी ते निवर्तले होते. शिष्याने चरणात स्वतःचे नाव गुंफणे हा त्या भजनी मंडळीत अहंकार मानला जाई. म्हणून संस्थेच्या अर्जात ‘रचनाकार’ हा रकाना आला, तेव्हा गजेंद्रांनी त्याच श्रद्धेने गुरूंचे नाव सांगितले आणि रुचिकेने ते लिहिले.

वर्षभराने संस्थेचे पत्र आले. रचनाकार आणि खातेदार भिन्न दिसतात. सात दिवसांत रचनाकाराची, ते हयात नसल्यास वारसांची, लेखी संमती न मिळाल्यास सर्व रचना काढून घेतल्या जातील, असा त्याचा आशय होता. गजेंद्रांची झोप उडाली. सहाव्या दिवशी सकाळी संमतिपत्र घेऊन बापलेक धनजला गुरुपत्नी प्रयागबाईंच्या दारी पोहोचले.

प्रयागबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी तो कागद रुचिकेकडून दोनदा वाचून घेतला.

“म्हंजे हे गाने याईनं रचले, असं मी लिहून देऊ?”

“हो, माय. एवढी सही पायजे.”

“मी नायी देत.”

गजेंद्रांचा चेहरा उतरला. “काहून, माय? मायं काई चुकलं का?”

“अरे लेका, पखवाजावर त्याईचा हात कोनी धरत नव्हतं. पन शब्द जुळवनं? जलमात एक ओळ नायी जुळवली त्या मानसानं! मले मायेरी चिठ्ठी धाडाची तं शेजारच्या मास्तरले बलवत. अन् तू त्याईले कवी करून राह्यला!”

रुचिकेला हसू फुटले. वडिलांकडे पाहून तिने ते ओढणीत दाबले.

“मंग गुरूचं नाव काढून मायं टाकू?” गजेंद्र कासावीस होऊन म्हणाले. “हे मायाच्यानं होत नायी. त्यापरीस गानं बंद करतो. भावाच्या मळ्यात वांगे तोडतो.”

“तोड ना. दोन दिसात भाऊच हाकलून देईन तुले. वांग्याचे काटे टोचले का तू सुरात वरडशीन!”

आता गजेंद्रही हसले, पण क्षणभरच. प्रयागबाईंनी सूप बाजूला सारले.

“आयक, गजू. नाव काढ कोन म्हनते? गान्यात राहू दे. नात मोबाइलवर लावून देते तुये गाने. शेवटी त्याईचं नाव आलं का मले बरं वाटते. पन कोनं रचलं असं कोनी इचारलं, तं खरं सांगाव. उद्या एखादा शब्द चुकीचा निघाला, तं लोक नावं कोनाले ठेवतीन?”

हा विचार गजेंद्रांना कधी शिवला नव्हता. चौथ्या रचनेत एके ठिकाणी छंद अडखळतो, हे त्यांना ठाऊक होते. तो दोष आजवर नकळत आपण गुरूंच्या माथी मारीत आलो, या जाणिवेने त्यांनी मान खाली घातली. मग अगदी हलक्या आवाजात ते मुलीला म्हणाले, “रुचे, तिथं मायं नाव लिही.”

तरीही एक शंका उरली होती. चरणात एक नाव आणि रकान्यात दुसरे, हे संस्थेला मान्य होईल का? रुचिकेने तिथेच संस्थेला फोन लावला. पलीकडे वैजयंती नावाच्या कर्मचारी होत्या. सारी हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“गाण्याच्या शब्दांत कुणाचं नाव असावं, याच्याशी आमचा संबंध नाही,” त्या म्हणाल्या. “रचनाकाराचा रकाना तेवढा दुरुस्त करा, वडिलांचं ओळखपत्र जोडा आणि हातानं लिहिलेल्या वहीच्या पानांचे फोटो पाठवा. आजच बघते.”

वही गजेंद्रांच्या पिशवीतच होती. रुचिकेने पाने एकेक करून उन्हात धरली आणि फोटो काढून पाठवले.

“झालं?” प्रयागबाईंनी विचारले. “मंग जेवून जा. हे तुरीचे सोले भाजीलेच सोलत होती.”

दुपारी ते एसटीत बसले, तोच संस्थेचा निरोप आला. दुरुस्ती मंजूर झाली होती. बाराही रचना यथास्थित राहणार होत्या. रुचिकेने तो मोठ्याने वाचला. गजेंद्रांनी पुन्हा वाचायला लावला. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, खिडकीच्या गजाला डोके टेकले आणि काही बोलायच्या आतच त्यांचा डोळा लागला.

कामरगाव जवळ आले, तसा वाहक मागे येऊन म्हणाला, “ओ ताई, उठवा बुवाले. भलतेच घोरून राह्यले!”

“सहा दिवसांनी झोपले हो,” रुचिका म्हणाली. “गाडी थांबू द्या, मंग उठवतो.”