आंडेर की अंधेर

खालच्या कोर्टाच्या निकालातलं ते वाक्य आठवलं की माझं डोकं आजही फिरतं. ‘ऐन दुपारी अंधारात पाहिल्याचे सांगणारी ही साक्षीदार विश्वासार्ह नाही.’ अरे, दुपारी अंधार आला कुठून, एवढं तरी कोणी विचारावं की नाही?

ब्राह्मणपुरीचा मेहबूब पिंजारी. शहाद्याच्या बाजारात नवलसिंग नावाच्या माणसाचं डोकं फुटलं आणि आळ याच्यावर आला; पण तेव्हा हा गावात तापीबाईच्या अंगणात कापूस पिंजत बसला होता. तापीबाईने कोर्टात तसं सांगितलंही. “मी देखं, मन्ही आंडेरनी देखं.” आंडेर म्हणजे मुलगी, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कारकून पुण्याकडचा. त्याने लिहिलं, ‘मी अंधेरात पाहिले.’ जबानी वाचून दाखवली, तेव्हा बाईला त्यातही आपली आंडेरच ऐकू आली. तिने अंगठा उठवला आणि मेहबूबला दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

अपील चालवायला वकील म्हणून माझ्याकडे आलं. मुलगी तोवर पटकीने गेली होती, त्यामुळे सगळी भिस्त तापीबाईवर. मी हातापाया पडल्यावर जज्जसाहेबांनी तिला पुन्हा ऐकायचं कबूल केलं. साहेबही बाहेरगावचे, म्हणून म्हटलं, विषाची परीक्षा नको. आदल्या दिवशी तिला समोर बसवून घोकवून घेतलं. “तापीबाई, आंडेर म्हणायचं नाही. मुलगी म्हणायचं.”

तिने बरोबर तसंच म्हटलं. मी खूश. मग सरकारी वकील उठले.

“बाई, मागे अंधार होता, आता मुलगी आली. हा शब्द तुमचा?”

“नही.”

“मग कोणाचा?”

“वकीलभाऊनी शिकाडा. काल दहा येळा म्हनाडी लिधा.”

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. मी आंडेरचा अर्थ सांगायला उठलो, तर म्हणाले, “बसा. साक्षीदार पढवलेली आहे.” अपील फेटाळलं. आदल्या दिवशी मी घरी गप्प झोपलो असतो तर हा माणूस सुटला असता, या विचाराने माझा तिळपापड झाला. राग काढायचा कोणावर?

बाहेर तापीबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “भाऊ, मी खरंच बोलनू ना?”

“खरंच बोललात. दोन्ही वेळा.”

शिपाई मेहबूबला घेऊन निघाले. त्याला आत काय झालं ते कळलंच नव्हतं. एवढी खटपट केली म्हणून त्याने बेडी घातलेल्या हातांनी मला सलाम केला. मी मान खाली घातली.