लाल दोरा, निळा दोरा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी तक्ता आहे. ताजिकिस्तानच्या राजधानीत, दुशान्बेतल्या लोकांची मोजणी करणाऱ्या एका कार्यालयात, जिन्याखाली, भिंतीला टेकून उभा असतो.

आमचा देश नवा होता तेव्हा एका सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवले. कार्यालयातल्या परवोना-आपांनी माझ्यावर दोन दोरे ताणले. लाल आमचा, ताजिकांचा. निळा शेजारच्या किर्गिझांचा. देशात काम करणारे आणि काम शोधणारे मिळून किती, हे दरवर्षी एकेक खिळा ठोकून दाखवायचे, एवढेच माझे काम. सुरुवातीला निळा दोरा वर होता. मग लाल चढू लागला आणि एका वर्षी पुढे गेला. त्या दिवशी कार्यालयात पुलाव शिजला. साहेब नुरिद्दीन-अका, म्हणजे नुरिद्दीनदादा, पाहुण्यांना आधी माझ्यासमोर आणत, मग चहा देत. मीही फुगलो होतो, खोटे कशाला बोलू?

आपा मात्र खूश नव्हत्या. त्या वसंतात त्या माहेरी पाटातला गाळ उपसायला गेल्या होत्या. साऱ्या गावाने मिळून करायचे काम, पण फावडी घेऊन आले ते म्हातारे आणि बायका. तरणी पोरे सगळी रशियात, बांधकामांवर.

"मग हा लाल दोरा चढतोय कुणाच्या जोरावर?" त्या माझ्यासमोर पुटपुटल्या.

त्यांनी दोन्ही देशांचे मोजणीचे फॉर्म शेजारी ठेवले. किर्गिझ विचारत होते, गेल्या आठवड्यात इथे राहून कोणी काम केले? आमचे विचारत होते, या घरात कमावते किती? आमच्याकडे परदेशी निघालेला मुलगा रोटीचा एक घास दाताने तोडून जातो आणि उरलेली रोटी तो परतेपर्यंत भिंतीवर टांगून ठेवतात. ती डोळ्यांसमोर असताना मुलगा घरचा नाही असे कोणती आई सांगेल? मोजणीला आलेले लोकही रोटीकडे बघून मुकाट्याने नाव लिहून घेत.

"आपा, परदेशी गेलेल्यांना वगळून खिळा खाली आणलात तर माझी मानही खाली जाईल," नुरिद्दीन-अका म्हणाले.

"अका, कागदावर माणसं भरपूर दिसतात, म्हणून गावांना पाट उपसायचं यंत्र मिळत नाही. बागा वाळतायत."

"आणि तुमच्या खुशरूझचं काय? त्याचं नाव कोण खोडणार?"

आपांचा हा एकुलता एक मुलगा चार वर्षे रशियातच होता.  आपांनी गठ्ठ्यातून स्वतःच्या घराचा फॉर्म काढून त्याच्या नावावर रेघ ओढली. 

"खोडलं," त्या म्हणाल्या. "आता बाकीची नावं काढा."

नंतर साऱ्या घरांत किर्गिझांचाच प्रश्न विचारला गेला. आपांनी आपल्या हाताने खिळा उपटून खाली ठोकला. लाल दोरा निळ्याच्या खाली आला आणि पाहुणे माझ्याकडे फिरकेनासे झाले. गावांत यंत्रे मात्र पोहोचली. पुढे संगणक आले आणि मी दर्शनी भिंतीवरून उतरून जिन्याखाली आलो. ते भिंतीवरचे दिवस अजून आठवतात.

मित्रांनो, दोन देशांची तुलना कराल तेव्हा दोघांना प्रश्न एकच विचारला होता का, ते आधी पाहा. आणि मला कधी रंग द्यावासा वाटला तर जरूर द्या. फक्त उपटलेल्या त्या खिळ्याचे भोक लांबी भरून बुजवू नका. आपा आता निवृत्त आहेत, तरी महिन्यातून एकदा येतात आणि त्यावर बोट ठेवून उभ्या राहतात. खुशरूझ अजून परतलेला नाही.