चौथा पाट

मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाचा एक जुना पाट आहे. मुलुंडच्या एका चाळीत, स्वयंपाकघरात माझा मुक्काम. दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप आली की मला डुलकी लागते आणि स्वप्नात मी पुन्हा झाड होतो. अंगावर फणस, खाली समुद्राची गाज.

या घरच्या आजोबांनी, आबांनी, मला कोकणातून बोटीने आणले. तेव्हा माझा काय रुबाब होता! माणसे माझ्यावर बसून जेवत आणि मी मनात त्यांची नोंद ठेवी. बढाई मारणारा मागे रेलतो, काम काढून आलेला कडेवर टेकतो. पुढे माझा एक पाय झिजला, मी डुगडुगू लागलो आणि माझी रवानगी दाराआड झाली. कौतुक आटायला एवढे कारण पुरते.

ही गोष्ट सत्तावन्न सालची. आबांचा नातू नंदू तेव्हा चार-पाच वर्षांचा. त्याची आई नलिनी त्याला हाताशी घेऊनच घर चालवी. शेंगा निवडताना लांब-आखूड, घड्या घालताना तुझे-माझे, आणि जेवायच्या वेळी, "नंदू, माणशी एक पाट हं!" मग तो एकेक पाट छातीशी धरून आणी. आबांचा, अप्पांचा, स्वतःचा.

अप्पा म्हणजे त्याचे वडील विद्याधर, कचेरीत कारकून. ते कुरकुरत, "पाट मांडून कोणी हुशार झालंय का? पाढे म्हणून घे त्याच्याकडून."

"पाढे पोपटही म्हणतो," नलिनी भाकरी थापता थापता म्हणे.

बालवर्गाच्या सुनंदाबाई घरी येऊन मुले पारखत. जागा थोड्या. एका रविवारी त्या आल्या त्या नेमक्या जेवणाच्या वेळी. पाट मांडून झाले होते. "आज कळेल तुझी पाटांची शाळा," विद्याधर पुटपुटले. नलिनीचा पिठाचा हात परातीतच थांबला.

"नंदू, तुमच्या घरात माणसं किती रे?" बाईंनी विचारले.

नंदूने पाटांवरून बोट फिरवले. "तीन."

"लागली वाट!" विद्याधरांनी कपाळाला हात लावला. "अरे गाढवा, चार! आई कुठे गेली?"

"तिला पाट कुठे असतो?" नंदू म्हणाला. "ती नंतर जेवते. चुलीपाशी, खालीच."

आबा उगीच धोतराची निरी चाचपू लागले.

"हिशेब बरोबर आहे हो याचा," बाई हसून म्हणाल्या. "मांडामांडच चुकतेय तुमची. जूनमध्ये पाठवा त्याला."

नंदू तोवर दाराआड पोचला होता. त्याने मला ओढत आणले, सदऱ्याने जळमट पुसले आणि पंगतीत मांडले. "आता चार!" मी लाजेने डुगडुगलो. विद्याधरांनी वर्तमानपत्राच्या तुकड्याची घडी केली आणि माझ्या पायाखाली सरकवली.

बाई गेल्यावर नलिनी बसली. अर्धी माझ्यावर, अर्धी चुलीकडे, उठायच्याच बेतात.

"बस गो," आबा उठत म्हणाले, "भाकरी मी आणतंय."

तेव्हा कुठे तिचा सगळा भार माझ्यावर आला. माझ्या अंगात पुन्हा समुद्राची गाज घुमली.

मित्रांनो, पाट जरूर मांडा. पण मांडण्याआधी एकदा चुलीकडे बघा. आणि कोणी डुगडुगत असेल, तर त्याला दाराआड टाकू नका. कागदाची एक घडी पुरते.