तेरुहिकोचं रक्त

संमतीपत्र, कलम एक. सहभागी व्यक्तीला आपल्या आजाराचं नाव ठाऊक आहे.

ठाऊक आहे की. नसांचा थकवा. अकरा वर्षांपूर्वी टोकियोत रेडिओ तेरुहिकोशी नाव घेऊन बोलायला लागला, तेव्हा सावाकोताई त्याला ओकायामाला परत घेऊन आली. गोळ्या सुरू झाल्या, चटयांच्या कारखान्यात कामही मिळालं. थकवा म्हणे. थकायला आपण एवढं केलं तरी काय, हे त्याला कधी कळलं नाही.

नवे डॉक्टर नागाहारा जेमतेम तिशीचे. "मेंदूत काही दारं असतात," ते सांगत होते. "भांगेतलं द्रव्य त्याच दारांवर काम करतं. पण तसलं द्रव्य शरीर स्वतःही बनवतं. दाराची घडण माणसागणिक थोडी वेगळी, जन्मजात. मनोदुभंग, म्हणजे स्किझोफ्रेनिया, झालेल्यांत एखादी घडण जास्त दिसते का, ते आम्ही पाहतोय. नुसत्या घडणीने कुणी आजारी पडत नाही हं."

"मी भांगेला हातही लावलेला नाही."

"लावायला कशाला हवा? दारं सगळ्यांनाच असतात."

"बरं. मनोदुभंग कुणाला झालाय?"

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. ताईने पर्सच्या चेनकडे.

असलं नाव घरच्यांना सांगायचं, रोग्याला नाही. रीतच ती.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"फक्त मुकादमांना," ताई म्हणाली. "नोकरीसाठी सांगावं लागलं रे."

म्हणून मुकादम त्याच्या हातात कापायचं पातं कधी देत नसत. त्याला वाटायचं, आपली बोटं जपतात.

कलम चार. नमुना स्वखुशीने दिला आहे.

खाली सहीऐवजी त्याचाच ‘इशिदो’ आडनावाचा शिक्का. लाल, ठसठशीत. तारीख गेल्या महिन्याची.

"ते रक्त तर लिव्हरसाठी काढलं होतं!"

"त्यातलंच थोडं. तुझा शिक्का माझ्याच खणात असतो ना. तेरु, तुझ्या भल्यासाठीच—"

"आणि तुझं रक्त? डॉक्टर, बहिणीचं नाही घेत?"

"घेतो. त्या नको म्हणाल्या."

"माझ्या मिओचं लग्न ठरतंय," ताई पुटपुटली. "मुलाकडचे चौकशीला माणूस लावतात. माझं नाव कुठल्या कागदावर सापडलं तर पोरीचं—"

"खरंय. माझं काय, बुडालेलंच नाव! आणखी भिजून कितीसं भिजणार?"

तो डॉक्टरांकडे वळला.

"ते रक्त फेकून द्या, डॉक्टर."

"तेरु, वेड्यासारखं—" ती मध्येच थांबली.

"बोल ना. आता काय चोरी?"

नागाहारा हळूच म्हणाले, "फेकतो. संमती काढून घ्यायचा हक्क आहे तुमचा."

"काढून कोण घेतंय? नवं घ्या. पण आधी मला विचारा."

डॉक्टर खुर्चीतून उठले, कमरेत वाकले. "इशिदोसान, तुमचं रक्त द्याल का?"

"देतो. ताई, तू बाहेर बस."

ती उठून दाराबाहेर जाईपर्यंत त्याने बाही वर केली नाही.