जळक्या हाताचा ढोलवाला

मी एक जुना लाकडी ढोलवाला आहे. माझा उजवा हात मनगटापासून जळालेला आहे. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आधीच सांगतो, मी रागात आहे.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावर एक वाडी आहे. तिथल्या देवळासाठी एका सुताराने मला शिवणीच्या लाकडात कोरलं आणि खांबाच्या माथ्यावर बसवलं. समोरच्या खांबावर सनईवाला होता, पलीकडे झांजवाली. माझी मान त्याने जरा कलती ठेवली, कारण वाजवणारा रंगात आला की त्याची मान तशीच कलते. त्याने ते कुठेतरी नीट निरखलं असणार. पण वर अंधार आणि समईची काजळी. मान वर करून कुणी पाहिलंच नाही. तरी शिमग्याला खाली ढोल घुमला की मला वाटायचं, मीच वाजवतो आहे.

मग देऊळ नवं करायचं ठरलं. मुंबईत कामाला असलेल्या वाडीकरांनी सिमेंट आणलं, चकचकीत फरशी आणली, आम्हाला खाली उतरवलं. त्याचा मला राग नाही; देऊळ गळत होतं. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. कलश चढवला त्या दिवशी भंडाऱ्याला सरपण कमी पडलं. सनईवाला भाताच्या चुलीत गेला, झांजवाली आमटीच्या. वाडीच्या मंडळाचा श्रीपत वाढता वाढता म्हणाला, देवाचं लाकूड देवाच्याच कामी आलं. लोक हसले आणि जेवले. कुणाच्याही घशात घास अडकला नाही.

मलाही चुलीत सारलं होतं; हात पेटला तोच मला जाळातून ओढलं ते महाडहून आलेल्या अनुपमाबाईंनी. त्या चित्रकला शिकवायच्या. पुढे त्यांनी महाडात दोन खोल्यांचं कलासंग्रहालय उभं केलं. भिंतींवर चित्रं, मधे मूर्ती, आणि मी, पहिल्यांदाच माणसांच्या डोळ्यांसमोर.

शाळांच्या सहली येतात. हात मागे, तोंड बंद, ओळ मोडायची नाही. मुलं या दाराने शिरतात आणि त्या दाराने बाहेर पडतात, कारण पुढे सव गावचे गरम झरे बघायचे असतात. एकदा एक मुलगी थांबली आणि माझ्यासारखी मान कलती करून पाहू लागली. मागून कुणीतरी तिला ढकललं, "चल गो, लाकूड काय बघतेस?"

यंदा शिमग्यात पालखी नाचवताना एकाचा पाय मोडला. गुरवाने देवाला कौल लावला आणि वाडीने अर्थ काढला: देवळातली भंगलेली वस्तू महाडात पडून आहे, म्हणून देव कोपला. भंगलेलं पाण्यात सोडायचं, ही रीत. मला सावित्री नदीत सोडायला श्रीपत आला. पूजा करायला वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या राहीबाईंना त्याने सोबत आणलं होतं. अनुपमाबाईंनी परोपरीने समजावलं. तो म्हणाला, "बाई, तुमी जपलंत, मान्य हाय. पण गावाचा विषय हाय. रिस्क कोण घेनार?" वस्तू देवळाची. बाईंना नाही म्हणता येईना.

राहीबाई कुंकू लावायला पुढे आल्या आणि थांबल्या. त्या बघतच राहिल्या.

"काकी, आटपा."

"थांब रे. जन्म गेला ह्याच्याखाली पाया पडन्यात, पन ह्याचं त्वांड आज बघतेय." मग त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं. "श्रीपत, ह्यो भंगलेला नाय. जळलेला हाय. कुनी जाळला?"

श्रीपतने मला गुंडाळायला आणलेलं कापड उलगडलं.

"त्या पंगतीत मी बी जेवले. पान्यात सोडलास तर आपल्याला दिसायचा नाय, येवढंच. देवाला दिसंल."

श्रीपत रिकाम्या हाताने गेला. आता राहीबाई एसटीने वाडीतली पोरं घेऊन येतात. त्यांना माझ्यापुढे उभं करतात आणि आधी माझा जळका हात दाखवतात. आपण काय केलं ते सांगतात, काही न लपवता. मग म्हणतात, आता मान बघा.

माझा राग गेलेला नाही, मित्रांनो. तुमच्याही गावात उद्या एखादं जुनं देऊळ उतरवतील. खाली काय काय आलं ते चूल पेटायच्या आधी नीट पाहा. ते ओळखायला डोळे तयार लागतात, आणि ते तयार होतात इथे, या खोल्यांत उभं राहून. तेव्हा याल तेव्हा पळू नका. मोठी माणसं घाई करतील. करू देत. तुम्ही जागचे हलू नका.