माणसं मागे घ्या

जहाजावरच्या चार दिवसांत मी पहिल्यांदा पाठ टेकली, तीही सासूबाईंनी पिच्छा पुरवला म्हणून.

"पड गं जरा. आज बंदर नाही, फिरणं नाही, दिवसभर नुसतं पाणी. समुद्र काही पळून जात नाहीये," त्या म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर विणकाम होतं. शेजारच्या खुर्चीत माझी पाच वर्षांची चिंगी पोहून आल्यावर टॉवेल गुंडाळून बसली होती. नवरा आइस्क्रीमच्या रांगेकडे निघाला होता. "मी आहे ना बघायला. तुझे डोळे काय भाड्याने आणलेत, मिटले तर दंड बसेल?"

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा नवरा हातात कप घेऊन समोर उभा होता.

"चिंगी कुठाय?" त्याने विचारलं.

"तुझ्याच मागे गेली की," सासूबाई म्हणाल्या.

"माझ्या मागे कोणी नव्हतं, आई."

मी आधी पोहण्याच्या तलावाचा तळ पाहिला. मग घसरगुंडी, मग बायकांची स्वच्छतागृहं, एकेक दार वाकून. मग कठडा. कठडा माझ्या छातीपर्यंत येत होता, पण त्याची खालची दांडी चिंगीच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होती. पाय ठेवून वर चढायला अगदी सोयीची. नऊ मजले खाली पाणी फेसाळत मागे जात होतं, आणि त्यात काहीच दिसत नव्हतं. हे जास्त वाईट होतं.

पंधरा मिनिटांत पांढऱ्या गणवेशातली वीसेक माणसं डेकवर पसरली. चिंगीला नावाने हाका मारत ती पेट्या उघडत होती, टेबलांखाली वाकत होती. ध्वनिक्षेपकावरूनही तिचं नाव येत होतं. सुरक्षा अधिकारी बाईंनी माझा हात धरला आणि आम्ही डेकच्या दोन फेऱ्या मारल्या. हाका मारून मारून माझा घसा बसला.

"मागचा एक कोपरा कॅमेऱ्यात येत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "कप्तानसाहेब जहाज वळवतायत."

वळताना डेक किंचित कलला. तलावातलं पाणी एका बाजूने काठावरून सांडलं. हसतखेळत बसलेली माणसं एकेक करून कठड्याकडे गेली. सासूबाई विणकामाच्या सुया मुठीत घट्ट धरून उभ्या होत्या.

तेवढ्यात टॉवेल गोळा करणारा कामगार पुढे आला. "मी पाहिलं बाई तिला. बाबांना शोधत होती. म्हटलं, चल बाळा, मी नेतो. तिने माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघितलं आणि पळत सुटली."

मी डेकभर हाका मारत फिरणाऱ्या पांढऱ्या गणवेशांकडे वळून बघितलं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"मी तिला तसं शिकवलंय."

प्रवासाला निघण्याआधी महिनाभर आम्ही घरी सराव केला होता. कोणी गोड बोललं, अंगावर गणवेश असला, तुझं नाव माहीत असलं, तरी जायचं नाही. लपायचं. तोंडावर हात ठेवायचा. आई एकटी दिसेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. एकदा ती पाऊण तास कपाटात बसली होती, आणि मी तिला शाबासकी दिली होती.

"बाबा दिसला तरी नाही?" नवऱ्याचा आवाज फार बारीक झाला.

"तुझ्याबद्दल मी काही सांगितलंच नव्हतं."

मी अधिकारी बाईंकडे वळले. "तुमची माणसं मागे घ्या. सगळी. हाकाही बंद करा."

"आणि ती लपलेली नसली तर? वेळ जातोय, बाई."

जहाज वळत होतं, पाण्यावर नजर लावलेले लोक होते, आणि मी शोधणाऱ्यांनाच थांबवत होते. "दहा मिनिटं," मी म्हणाले. "पाणी बघणारे खालच्या डेकवरून बघू देत. डेक मला एकटीला द्या."

डेक रिकामा झाला. पळायचं नाही, असं मी पायांना बजावलं. डाव्या हाताला समुद्र होता. तिकडे बघितलं असतं तर मी तिथेच खाली बसले असते.

"चिंगे, मी एकटी आहे गं."

मिटून ठेवलेल्या खुर्च्यांच्या थप्प्या ताडपत्रीने झाकल्या होत्या. पहिल्या थप्पीपाशी काही नाही. दुसऱ्या थप्पीपाशी काही नाही. तिसऱ्या ताडपत्रीखाली पाण्याने सुरकुतलेली दोन पायांची बोटं होती.

ती बाहेर आली ती तोंड दाबूनच. मी तिला उचलल्यावर तिने हात काढला.

"तू दोनदा इथून गेलीस," ती कानात म्हणाली. "मी बघितलं."

"मग हाक का नाही मारलीस?"

"त्या पांढऱ्या कपड्यातल्या बाईने तुझा हात धरला होता ना. मला वाटलं, तुला पकडलंय."

"मग?"

"मग मी आणखी आत सरकले."

लांबून अधिकारी बाई येताना दिसल्या. चिंगीची नखं माझ्या मानेत रुतली.

"घाबरू नकोस. त्या चांगल्या आहेत," मी म्हणाले.

चिंगीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझं म्हणणं खरं आहे का, हे ती माझ्या चेहऱ्यावर शोधत राहिली.